मिररमधली डिस्क बदलली, सिंक पूर्ण झाला, तरी मशीन उठत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेबियनचा (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर, दोन डिस्कवर सॉफ्टवेअर रेड-१ (एकच डेटा दोन डिस्कवर सारखा ठेवणारा मिरर), आणि त्यातली पहिली डिस्क गेली. मशीन चालू ठेवूनच तुम्ही ती काढली, नवी लावली, पार्टिशनं पाडली, ॲरेमध्ये, म्हणजे डिस्कांच्या त्या जोडीत, जोडली. सिंक शंभर टक्के होईपर्यंत थांबलात, एमडीस्टॅटमध्ये (लिनक्स रेडची स्थिती दाखवणारी फाइल) दोन्ही ‘यू’, म्हणजे दोन्ही डिस्का चालू असल्याची खूण, दिसले. मग रीबूट केलं आणि स्क्रीनवर आलं की बूट करण्याजोगं डिव्हाइसच नाही. आता विचारताय की डेटा गेला का, आणि सगळं पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल का.

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दोन ‘यू’ दिसले होते याचा अर्थ ॲरे धड आहे आणि तुमचा डेटा दोन्ही डिस्कवर आहे. म्हणून आधी एक विनंती: घाईघाईनं इन्स्टॉलर चालवू नका, आणि कुठलीही डिस्क ‘नव्यानं सुरुवात करू’ म्हणून पुसू नका. जे बिघडलंय ते दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि त्यासाठी ॲरेला हातही लावावा लागत नाही.

खरी अडचण डेटाची नाही, मिररच्या हद्दीची आहे. सॉफ्टवेअर रेड फक्त त्या पार्टिशनांच्या आतला मजकूर दोन्हीकडे सारखा ठेवतो, जी तुम्ही ॲरेला दिली आहेत. बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताच लिनक्स चढवणारा छोटा प्रोग्रॅम, त्या हद्दीच्या बाहेर राहतो. दोन्ही खोल्यांत सामान अगदी सारखं लावलंय, पण आत जायचं दार एकाच खोलीला होतं, आणि नेमकी तीच खोली पडली. बहुतेक इन्स्टॉलर बूटलोडर एकाच डिस्कवर टाकतात, सहसा पहिल्या. तुमची गेली तीही पहिलीच. उरलेल्या डिस्कवर तो कधी नव्हताच, आणि नव्या डिस्कवर कुणी टाकला नाही. मशीन चालू होतं तोवर हे कळायला मार्ग नव्हता, कारण एकदा कर्नल (लिनक्सचा मुख्य प्रोग्रॅम) मेमरीत चढला की बूटलोडरची गरजच उरत नाही.

पुढचं सगळं तुमचं मशीन कसं बूट होतं यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डमधला पहिला प्रोग्रॅम, जुन्या बायोस पद्धतीचं की नव्या यूईएफआयचं? पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) जुनं एमबीआर की नवं जीपीटी? म्हणून दोन्ही वाटा सांगतो. हार्डवेअर रेड कार्ड असेल तर यातलं काहीच लागू नाही, कारण ते अख्खी डिस्क पहिल्या सेक्टरपासून मिरर करतं आणि बूटलोडर आपोआप सोबत येतो. इंटेलच्या चिपसेटमधल्या रेडचंही तसंच. पण तुम्ही एमडीस्टॅट म्हणताय आणि पार्टिशनं स्वतः पाडलीत, त्यामुळे तुमचा साधा लिनक्स रेडच आहे असं धरून चालतो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी मी नेहमी एकच गोष्ट पाहतो: मशीन नेमकं कुठे अडतं. बूट होणं ही साखळी आहे, आणि ती जिथे तुटते तिथे स्क्रीन वेगळं काहीतरी दाखवते. फर्मवेअरचाच निरोप आला की बूट डिव्हाइस नाही, तर फर्मवेअरला कुठल्याच डिस्कवर दार सापडलेलं नाही. तुमचं हेच झालंय. स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ (ग्रब हा डेबियनचा बूटलोडर) असा प्रॉम्प्ट आला असता, तर ग्रबचा गाभा सापडला पण त्याला स्वतःची मॉड्यूलं जिथे आहेत ती जागा सापडली नाही, असा अर्थ झाला असता. तिथे ‘एलएस’ टाइप केलं की ग्रबला काय काय दिसतंय ते कळतं. नुसत्या एचडी-शून्य, एचडी-एक अशा डिस्का दिसल्या आणि एमडीनं सुरू होणारं ॲरेचं नाव दिसलं नाही, तर त्या गाभ्यात रेड वाचायचं मॉड्यूलच नाही. एमडी दिसलं, तर ‘प्रीफिक्स’ (ग्रबच्या फाइलींचा पत्ता) त्या ॲरेवरच्या बूट-ग्रब फोल्डरकडे वळवायचा, ‘नॉर्मल’ मॉड्यूल चढवायचं आणि ‘नॉर्मल’ म्हणायचं. बरेचदा मेनू येतो आणि लाइव्ह पेनड्राइव्हचं, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हचं, कामही पडत नाही.

ग्रबचा मेनू येऊन गेला, कर्नल चालू झाला आणि मग ‘इनिटरॅमएफएस’ (कर्नलसोबत चढणारी तात्पुरती छोटी फाइलसिस्टिम) असा प्रॉम्प्ट आला, तर बूटलोडर निर्दोष आहे. रूटचा, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिमचा, ॲरे जुळला नाही. आणि सगळं चढून शेवटी दीड मिनिटाची उलटी मोजणी चालू झाली आणि इमर्जन्सी मोड आला, तर जवळजवळ खात्रीनं एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय कुठे जोडायचं याची यादी) गेलेल्या डिस्कवरच्या एखाद्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) अजून बसलेला आहे. ही शेवटची अडचण तुम्हालाही येणार आहे, म्हणून तिच्याकडे पुन्हा येतो.

आता कामाला लागू. कुठल्याही लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह घ्या, पण बूट करताना फर्मवेअरच्या मेनूत एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसतील त्याकडे लक्ष द्या. एकाच्या मागे यूईएफआय लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या मागे नसतं. तुमचं मशीन यूईएफआयचं असेल तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीनं उठवा. चढल्यावर सिस-फर्मवेअरखाली ‘ईएफआय’ हे फोल्डर आहे का पाहा. असेल तर बरोबर आहात. जुन्या पद्धतीनं उठलेल्या पेनड्राइव्हवरून फर्मवेअरमधल्या बूट नोंदी लिहिताच येत नाहीत, आणि लोक इथेच अडून बसतात.

मूळ मशीन यूईएफआयचं होतं की नाही हेच माहीत नसेल, तर पार्टिशनांची यादी सांगेल. उरलेल्या जुन्या डिस्कवर काहीशे एमबीचं फॅट पार्टिशन ईएफआय सिस्टिम या प्रकाराचं असेल तर यूईएफआय. अवघ्या १ एमबीचं, कुठलीही फाइलसिस्टिम नसलेलं ‘बायोस बूट’ पार्टिशन असेल तर जीपीटीवरची जुनी पद्धत. दोन्ही नसतील तर बहुधा एमबीआर. एफएसटॅबमध्ये बूट-ईएफआयची ओळ आहे का, हाही एक चांगला पुरावा.

मग ॲरे जुळवा. एमडीएडीएमला (रेड सांभाळणारी कमांड) असेंबल आणि स्कॅन सांगितलं की तो जुळतो. लाइव्ह सिस्टिमवर त्याचं नाव एमडी-१२७ असं विचित्र येईल. घाबरू नका, नाव महत्त्वाचं नाही. रूट माउंट करा, बूट वेगळं असेल तर ते त्याच्या जागी माउंट करा, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे बाइंड करा (तीच फोल्डरं आतही दिसतील अशी जोडा) आणि सीएच-रूट करून, म्हणजे डिस्कवरची सिस्टिम हीच मुख्य धरून, आत जा. यूईएफआय असेल तर सिसखालचं ‘ईएफआयव्हार्स’ही (फर्मवेअरच्या नोंदी) आत दिसलं पाहिजे. साध्या बाइंडनं ते येत नाही, आरबाइंड (आतल्या माउंटसकट बाइंड) करा किंवा वेगळं माउंट करा. ते राहिलं की ग्रब-इन्स्टॉल (बूटलोडर बसवणारी कमांड) म्हणतं, या सिस्टिमवर ईएफआय व्हेरिएबल चालत नाहीत, आणि माणूस भलत्याच दिशेनं शोध घेत बसतो.

कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवी हे एसडीए, एसडीबी या नावांवरून कधीच ठरवू नका. डिस्क काढघाल झाली की ही नावं बदलतात. एलएसबीएलकेला (डिस्कांची यादी देणारी कमांड) सीरियल नंबर दाखवायला सांगा आणि डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहा.

बायोसची वाट सोपी आहे. तिथे फर्मवेअर डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं. त्यातले ६४ बाइट पार्टिशन टेबलला जातात, शेवटचे २ बाइट ही बूट डिस्क असल्याची खूण, आणि बूट कोडसाठी उरतात ४४६. एवढ्यात रेड वाचणारा प्रोग्रॅम मावणं शक्य नाही, म्हणून ग्रबचा गाभा पहिल्या पार्टिशनच्या आधी मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यात बसतो, किंवा जीपीटीवर त्या १ एमबीच्या बायोस बूट पार्टिशनमध्ये. पहिला सेक्टर आणि हा गाभा, दोन्ही ॲरेच्या बाहेर. उपाय एवढाच: सीएच-रूटच्या आत ग्रब-इन्स्टॉल दोनदा चालवायचं, एकदा या डिस्कचं नाव देऊन, एकदा त्या. नाव अख्ख्या डिस्कचं द्या, पार्टिशनचं नाही, एमडीचंही नाही. फार जुन्या मांडणीत पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरला सुरू व्हायचं. तसं असेल तर मोकळी जागा जेमतेम ३१ केबी असते आणि रेड, एलव्हीएम अशी मॉड्यूलं भरलेला गाभा तिथे मावत नाही म्हणून ग्रब तक्रार करतो. आजकालच्या १ एमबीवर सुरू होणाऱ्या पार्टिशनांना हा त्रास नाही.

पण डेबियन आणि उबंटूवर इथे थांबू नका. ग्रब कुठल्या डिस्कवर टाकायचा याची यादी ग्रब-पीसी पॅकेज स्वतःजवळ ठेवतं, तीही सीरियल नंबर असलेल्या नावांनी. तुमच्या यादीत अजून ती मेलेली डिस्क आहे. डीपीकेजी-रीकॉन्फिगर चालवून ग्रब-पीसीला दोन्ही चालू डिस्का निवडून द्या. हे राहिलं तर आज मशीन उठेल, पण पुढच्या ग्रब अपडेटमध्ये बूट फोल्डरमधली मॉड्यूलं नवी होतील आणि डिस्कच्या तोंडाशी असलेला गाभा जुनाच राहील. जुना गाभा आणि नवी मॉड्यूलं यांचं पटत नाही. जुलै २०२० मध्ये बूटहोल नावाची सुरक्षा त्रुटी बुजवणारं अपडेट आलं, तेव्हा अनेक मशीन रीबूटनंतर ‘ग्रब-कॅलॉक हे चिन्ह सापडलं नाही’ असं म्हणत पडली, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कारण हेच होतं: गाभा ज्या डिस्कवर अद्ययावत व्हायला हवा होता, तिथे झालाच नाही.

यूईएफआयमध्ये गुंता जास्त आहे, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात: डिस्कवरचं ईएफआय सिस्टिम पार्टिशन, ज्याला सगळे ईएसपी म्हणतात, आणि मदरबोर्डच्या मेमरीत लिहिलेली बूट नोंद. ईएफआयबूटएमजीआर ही बूट नोंदींची कमांड तपशिलासह चालवून पाहा. डेबियनच्या नोंदीसमोर एक लांबलचक जीयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) दिसेल आणि त्यापुढे शिम (ग्रबच्या आधी चालणारा सही केलेला छोटा प्रोग्रॅम) किंवा ग्रबच्या फाइलचा पत्ता. तो जीयूआयडी पार्टिशनचा असतो. गेलेल्या डिस्कवरच्या ईएसपीचा जीयूआयडी आता जगात कुठेच नाही, त्यामुळे ती नोंद हवेत लटकते आहे. तुमच्या फर्मवेअरनं तिला आपोआप काढूनही टाकलं असेल. डिस्क निघाली की नोंदी साफ करणारी फर्मवेअर भरपूर आहेत.

म्हणून आधी ईएसपी. नव्या डिस्कवर ते पार्टिशन योग्य प्रकाराचं आहे ना ते पाहा, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, बूट-ईएफआयवर माउंट करा आणि ग्रब-इन्स्टॉल चालवा. इथे डिस्कचं नाव दिलं तरी त्याचा उपयोग होत नाही; माउंट केलेलं ईएसपी कुठलं, एवढंच महत्त्वाचं. मग ते उतरवा, दुसऱ्या डिस्कचं ईएसपी माउंट करा आणि तसंच करा, किंवा सरळ फाइली कॉपी करा. कॉपी चालते, आणि ती का चालते हे एकदा स्वतः पाहिलं की भीती जाते. ईएसपीवर डेबियनच्या फोल्डरमध्ये तीन ओळींची एक इवलीशी ग्रबची कॉन्फिग फाइल असते. पहिली ओळ म्हणते, अमुक यूयूआयडीची फाइलसिस्टिम शोध. दुसरी म्हणते, प्रीफिक्स तिथल्या ग्रब फोल्डरवर ठेव. तिसरी म्हणते, खरी कॉन्फिग तिथून वाच. तो यूयूआयडी ॲरेवरच्या फाइलसिस्टिमचा आहे. डिस्क कुठलीही असो, ॲरे तोच, त्यामुळे फाइल दोन्हीकडे तंतोतंत चालते.

नंतर ईएफआयबूटएमजीआरनं प्रत्येक डिस्कसाठी एक नोंद तयार करा, लेबलं वेगळी ठेवा म्हणजे मेनूत ओळखू येतील. डिस्क आणि पार्टिशन नंबर स्वतः द्याच. न दिल्यास तो एसडीए आणि पहिलं पार्टिशन गृहीत धरतो. फाइलच्या पत्त्यात उलट्या तिरप्या रेघा असतात, तो अवतरणात ठेवा, नाहीतर शेल त्या खाऊन टाकतो.

त्यावर आणखी एक गोष्ट मी न चुकता करतो. बूट नोंद नसली तरी फर्मवेअर ईएसपीवरच्या ईएफआय-बूट फोल्डरमध्ये बूट-एक्स६४ नावाची फाइल शोधतं. ग्रब-इन्स्टॉलला ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय दिला की बूटलोडर तिथे पडतो. नेहमीचं इन्स्टॉल एकदा आणि हे एकदा, असं दोन्ही ईएसपींवर करा. नोंदी उडाल्या, मदरबोर्ड बदलला, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, तरी ती उठते. हे सगळं डेबियन-उबंटूच्या पद्धतीनं सांगतोय. फेडोरा किंवा रेड हॅटच्या कुळात यूईएफआयवर ग्रब-इन्स्टॉल चालवू नका. तिथे ईएसपी माउंट करून शिम आणि ग्रबची पॅकेजं पुन्हा इन्स्टॉल करायची, म्हणजे सिक्युअर बूटला (फक्त सही केलेले बूटलोडर चालवू देणारी फर्मवेअरची सोय) मान्य असलेल्या सही केलेल्या फाइली जागेवर येतात. आणि प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी, डेबियनवर आधारित सिस्टिम) झेडएफएस या स्वतःच रेड करणाऱ्या फाइलसिस्टिमचा मिरर असेल तर ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल’ला नव्या पार्टिशनवर आधी फॉरमॅट आणि मग इनिट सांगितलं की काम झालं.

उरलेल्या डिस्कवर ईएसपीसाठी जागाच नसेल तर? असंही असतं, कारण इन्स्टॉल करताना दुसऱ्या डिस्कचं सगळं पार्टिशन ॲरेला दिलेलं असतं. तिथे स्वॅपचं (मेमरी कमी पडल्यास वापरायची जागा) वेगळं पार्टिशन असेल तर मी ते खुशाल मोडतो आणि ती जागा ईएसपीला देतो; स्वॅप ॲरेवर फाइल म्हणून ठेवता येतो, ईएसपीला तसा पर्याय नाही.

ईएसपीचाही मिरर करावा का, हा प्रश्न याच्या पाठोपाठ येतोच. करता येतो: एमडीचं १.० प्रकारचं मेटाडेटा (ॲरेविषयीची माहिती) पार्टिशनच्या शेवटी बसतं, त्यामुळे फर्मवेअरला ते साधं फॅटच दिसतं. नेहमीचं १.२ सुरुवातीपासून ४ केबीवर असतं आणि आतली फाइलसिस्टिम पुढे सरकते, म्हणून ते इथे चालत नाही. तरी माझं मत विरोधात आहे. फर्मवेअरला किंवा एखाद्या ईएफआय प्रोग्रॅमला रेड कळत नाही. त्यानं एका बाजूला काही लिहिलं की दोन बाजू वेगळ्या होतात आणि लिनक्सला त्याची गंधवार्ता नसते. दोन स्वतंत्र ईएसपी ठेवा आणि ग्रबच्या अपडेटनंतर एकावरून दुसऱ्यावर कॉपी करा. उबंटूवर २०.०४पासून पॅकेजच एकाहून अधिक ईएसपी सांभाळतं, तिथे तेवढीही तसदी नाही.

आता एफएसटॅब. बूट-ईएफआयच्या ओळीत गेलेल्या ईएसपीचा यूयूआयडी आहे. तो बदला, आणि पर्यायांत ‘नोफेल’ जोडा. नोफेल नसेल तर ज्या दिवशी ती डिस्क जाईल त्या दिवशी सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळं चालू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद वाट पाहील आणि इमर्जन्सी मोडमध्ये थांबेल, म्हणजे दुसरी डिस्क ठणठणीत असून सर्व्हर बंद. जुन्या डिस्कवर वेगळा स्वॅप होता का तेही पाहा. त्याची ओळ आणि रिझ्यूमची (हायबरनेशनमधून उठताना स्वॅप कुठला ते सांगणारी) नोंद काढा. मग अपडेट-इनिटरॅमएफएस आणि अपडेट-ग्रब चालवा, बाहेर या, सगळं उतरवा, रीबूट करा.

पुढच्या वेळी डिस्क बदलाल तेव्हा हे सगळं मशीन चालू असतानाच करा. चालू सिस्टिमवर ना पेनड्राइव्ह लागतो ना सीएच-रूट. क्रम असा: नवी डिस्क लावली की एसजीडिस्क या पार्टिशनांच्या कमांडनं पार्टिशन टेबल नव्या डिस्कवर उतरवायचं. या कमांडमध्ये दिशा उलटी वाटते, आधी लक्ष्य डिस्क आणि शेवटी मूळ डिस्क. एंटर दाबण्याआधी पुन्हा वाचा, कारण चुकलं तर एकमेव चांगल्या डिस्कचं टेबल रिकाम्या टेबलानं पुसलं जाईल. लगेच त्याच एसजीडिस्कच्या मोठ्या ‘जी’ पर्यायानं नव्या डिस्कचे जीयूआयडी बदला, नाहीतर दोन ईएसपींचा जीयूआयडी एकच राहतो आणि फर्मवेअर कुठून उठलं हे सांगता येत नाही. जुनी डिस्क ५१२ बाइटचे सेक्टर दाखवणारी आणि नवी ४०९६चे दाखवणारी असेल तर टेबल असं उतरवू नका. त्यात सेक्टरचे आकडे असतात, आकार आठपट होतील. मग बूटलोडर, आणि मग ॲरेमध्ये जोडणं. सिंक चालू असताना रीबूट करायची पाळी आलीच, तरी दार तयार असतं.

शेवटी चाचणी, कारण दोन्ही डिस्का लावून मशीन उठलं एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. आधी दोन्ही लावलेल्या ठेवून फर्मवेअरच्या मेनूतून एकेका डिस्कची नोंद निवडा. दोन्हींवरून मशीन चढलं, की मशीन बंद करून एक डिस्क काढा आणि ग्रबचा मेनू येईपर्यंतच जा. मेनू आला की तिथेच बंद करा, कर्नल चालू होऊ देऊ नका. ग्रब ॲरेवरून वाचतो, लिहीत नाही, त्यामुळे ॲरेला काही झालेलं कळतही नाही. मग ती लावून दुसरी काढा आणि तेच करा. पूर्ण बूट एकेका डिस्कवर करून पाहायचंच असेल, तर दोन फेऱ्यांच्या मध्ये काढलेली डिस्क परत जोडून सिंक पूर्ण होऊ द्या. तसं न करता आधी एकीवर आणि मग दुसरीवर मशीन चालवलं, तर दोघींवर वेगवेगळं लिहिलं जातं, प्रत्येकीच्या लेखी दुसरी मेलेली असते, आणि मग एकीवर लिहिलेलं सोडून द्यावंच लागतं.

स्क्रीनवर नेमकं काय आलं, पार्टिशनांची यादी आणि ईएफआयबूटएमजीआरचं आउटपुट कळवलंत, तर तुमच्या मशीनला यातली कुठली वाट लागू आहे ते नेमकं सांगता येईल.